खळीचं जातं

आमच्या घरात जातं एक नव्हतं, दोन होती. स्वयंपाकघरातलं भाकरीचं आणि मागच्या पडवीतलं खळीचं. आम्ही शहापूरचे विणकर. सूत मागावर चढवण्याआधी त्याला पिठाची पेज चोपडून कडक करावं लागतं, ती खळ. पावसाळ्यात ही खळ आंबते, सुताला बुरशी धरते, झुरळं ते कुरतडतात. म्हणून आप्पा, माझे वडील, खळीच्या धान्यातच मोरचुदाचे निळे खडे कुटून घालत आणि मग ते दळलं जाई. अशानं मोरचूद पिठात सगळीकडं सारखा मिसळतो, असं त्यांचं म्हणणं.

भाकरीचा दाणा मागच्या जात्यावर टाकायचा नाही, हे आम्हा भावंडांना कळत्या वयाआधीच ठाऊक होतं. का, ते कुणी सांगितलं नाही. एकदा धाकट्या बहिणीनं तिथं मूठभर हरभरे भरडले, तर आईनं ते तिच्या हातातून काढून घेऊन परसात पुरले. म्हशीलासुद्धा दिले नाहीत.

मग गल्लीच्या तोंडाला तेलाच्या इंजिनाची गिरणी आली. बायकांच्या हातांचे घट्टे गेले. माझ्या आईचा तळवा मऊ झालेला मी स्वतः पाहिला आहे, तेव्हा गिरणीविरुद्ध माझ्याकडून एक शब्द निघायचा नाही. भाकरीचं धान्य गिरणीत जाऊ लागलं, आणि वर्ष-दोन वर्षांत खळीचंही. दोन्ही जाती भिंतीला उभी राहिली. त्यांच्याबरोबर तो नियमही भिंतीला लागला, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

लढाईच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. धान्य रेशनवर. परदेशातली तांबडी ज्वारी यायची; तिची भाकरी थापायला गेलं की चिरायची. कोल्हापुरास राहून मी नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो. आमच्या गल्लीतला पहिला पदवीधर मी. हे मी आडपडद्यानं सांगत नाही, कष्टानं मिळालेली वस्तू लपवायची कशाला? कुणाचं सरकारी पत्र आलं की वाचायला माझ्याकडं, अर्ज लिहायचा तरी माझ्याकडं.

श्रावणात समोरच्या काकूंच्या घरात उलट्या सुरू झाल्या. काकू, त्यांची सून, सुनेची तीन वर्षांची पोर. मोठी दोघं दोन दिवसांत सावरली. पोरीच्या पोटात मात्र पाणीसुद्धा ठरेना. आठवड्याभरानं आणखी एका घरात तसंच. गल्ली पेटली. कुणी म्हणालं, सरकारनं ज्वारीत विष घातलंय. निपाणीकडून आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं, तिकडं तर गिरणीवाले पिठात शंखजिऱ्याच्या दगडाची भुकटी घालतात. एवढं पुरे झालं.

आमचा गिरणीवाला घटप्रभेकडचा, कानडी बोलणारा. सगळे त्याला अण्णा म्हणत. तो अंगभर पिठानं पांढरा असे. फक्त डोळे काळे. माणसं गिरणीपुढं जमली.

"अण्णा, काय कालवतोस रं पिठात?"

"मी काय कालवणार हो? वरनं धान्य पडतंय, खालनं पीठ येतंय. माझी पोरं बी हेच खातात की."

"तुझी पोरं दगड खाऊन बी जगतील, त्यांचं सांगू नगंस!"

"उद्या गिरणीला कुलूप लागतंय बघ. मामलेदाराकडं अर्ज करतोय. इंग्रजीत!"

आणि सगळी माझ्याकडं वळली.

खरं सांगायचं तर मला ते आवडलं. घरी येऊन दौत काढली, पहिल्या दोन ओळी झोकात लिहिल्या. तिसऱ्या ओळीत पिठात काय मिसळलं ते लिहायचं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. माहीत नसताना एका माणसाचा धंदा बुडवायचा? मी कागद तसाच ठेवून काकूंकडं गेलो.

काकू सुनेच्या मांडीवरच्या पोरीला वारा घालत होत्या. पोरीचे ओठ सुकले होते.

"काकू, भाकरी लागायची कशी?"

"कळकल्यावाणी. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवल्यावर लागतंय बघ, तस्सं."

"पण पीठ तर तुम्ही लाकडी काठवटीत मळता. तवा लोखंडाचा. तांब्यापितळेला भाकरी लागली कुठं?"

"तेच म्हणते मी! सून म्हणते, आत्याबाई, तुमच्या तोंडाची चवच गेलीया."

"गेलीया न्हाय तर काय," सून पुटपुटली, "परवा आमटीत मिठाच्या जागी साखर घातलीती कुणी?"

काकूंनी पंखा तिच्या दंडावर हाणला. त्या घरात आठवड्यात पहिल्यांदा कुणी हसलं असेल.

उरलेलं वाटीभर पीठ मी मागून आणलं. चिंचेच्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळलं. एक दाभण वाळूनं लख्ख घासून त्यात उभं केलं. दुसऱ्या वाटीत आमच्या घरचं पीठ, तसंच पाणी, तसंच दाभण. जेवण होईपर्यंत थांबलो. आमच्या वाटीतलं दाभण होतं तसं होतं. काकूंच्या वाटीतल्या दाभणावर तांब्याचा तांबूस लेप चढला होता. कॉलेजात पहिल्या वर्षी लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकून हेच केलं होतं. तेव्हा गंमत वाटली होती.

मोरचूद गल्लीत कुठं असतो हे विचारायला मला कुठं जायचं नव्हतं. आमच्याच कोनाड्यात त्याची बरणी होती.

आप्पा मागावर बसले होते. मी दाभण त्यांच्यापुढं धरलं.

"आप्पा, खळीचं धान्य गिरणीत नेता, तेव्हा मोरचूद घालूनच नेता?"

"व्हय. मग? दळताना घातल्याबिगर सारखा बसतोय व्हय?"

"आणि आपलं भाकरीचं?"

"ते आधी दळतो. आधी भाकरीचं, मागनं खळीचं. तुझ्या आईचा तसा दंडकच हाय."

"आणि खळीच्या मागनं कोण असतं?"

आप्पांचा धोटा हातातच राहिला. गिरणीच्या दगडांत आधीचं पीठ थोडंफार अडकतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. हे त्यांना मी समजावून सांगायची गरज नव्हती. मागच्या खेपेला खळीचं दळलं त्या दिवशी आमच्या मागं काकूंची सून डबा घेऊन उभी होती. आप्पांनीच तिला म्हटलं होतं, ये पोरी, तुझा नंबर.

आई दारात आली होती. ती म्हणाली, "माझंच चुकलं. आपलं आधी दळून घ्या, एवढंच मी बघितलं. मागनं कुणाचं येतंय ते मनातच आलं न्हाय."

"आता मी न्हेणार न्हाय," आप्पा म्हणाले. "संपलं. बोभाटा कशाला?"

"अण्णाच्या गिरणीला उद्या कुलूप लागतंय."

"ज्वारीचा दोष म्हणून लिही."

"ज्वारीचा नाही."

"आरं, गल्लीचा पंच हाय मी! लोक तोंडात शेण घालतील. ह्यासाठी शिकीवलं तुला?"

"ह्यासाठीच शिकवलंत, आप्पा. मला दुसरं काही येत नाही."

मी अर्जाचा कागद फाडला. काय करायचं ते माझं ठरलं होतं. आधी समोर जाऊन सुनेला सांगितलं की ते पीठ उकिरड्यात खोल पुरा, आणि पोरीला अजिबात न थांबता भाताची पेज चमच्या-चमच्यानं पाजा. कारणही सांगितलं, आमच्या घराचं नाव घेऊन. काकूंनी तोंड फिरवलं.

सकाळी गिरणीपुढं मी दोन्ही वाट्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं.

"बघा रं, बी.एस्सी. झाला आन् पयला गुन्हेगार घरातच गावला!"

"बापाला चावडीवर उभं करायला पुस्तकं वाचली व्हय?"

एकजण पुढं होऊन म्हणाला, मोरचूद आम्हीही घालतो, आम्हीही इथंच दळतो. मग दुसरा. ज्याचा आवाज काल सगळ्यांत मोठा होता तो मान खाली घालून निघून गेला. अण्णानं इंजिनाचा पट्टा काढला, वरचा दगड उचलला आणि खराट्यानं घासायला लागला. मध्येच थांबून म्हणाला, "आज कोंडा दळून फेकतो, म्हंजे दगड साफ होतील. उद्या या." माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. आदल्या दिवशी अर्ज लिहायला मी घरी निघालेला त्याला दिसलो होतो; त्याचा राग बरोबर होता. गिरणीच्या दारावर मी मराठीत पाटी लिहिली: खळीचं धान्य इथं दळणार नाही. खाली कानडीत त्यानंच लिहिलं, माझ्यापेक्षा वळणदार.

घरी आलो तर आप्पांनी खळीचं जातं भिंतीपासून सोडवलं होतं. दगड गुळगुळीत झालेले, म्हणून पाथरवटाला बोलावून टाकी लावून घेतली. मग आईला म्हणाले, "बस की."

"मी न्हाय बसणार," आई म्हणाली. "तुमचा मोरचूद, तुम्हीच दळा."

जात्यावर पुरुष बसत नसत. आप्पांनी जातं ओढत पुढच्या सोप्यात आणलं, रस्त्यावरून दिसेल असं, आणि मांडी घातली. येणारेजाणारे थांबून बघत, हसत. कुणी ओवी म्हणायला सांगे. आप्पा खुंटा ओढत राहिले. मी समोर बसून खुंट्याला हात लावला. त्यांनी हात झटकला नाही.

तिसऱ्या दिवशी समोरची सून पोरीला कडेवर घेऊन तिथंच उभी राहिली. पोरीनं खडीसाखरेचा खडा चघळत आमच्या जात्याकडं बोट केलं.

"आजोबा, मी पन फिरवू?"

"न्हाय!" आप्पा ओरडले. मग आवाज उतरवून म्हणाले, "ह्याला हात लावायचा न्हाय, बाळ. ह्यात मोरचूद हाय. पोटात गेला की उलट्या होतात."

का, ते आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.