आप्पांचं घोंगडं

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात वर्गावर निघाले होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आता राज्यशास्त्र शिकवते. त्यातला उदारमतवाद हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आप्पांच्या तोंडून, तोही टीकेसकट. आटपाडीत ते आमचे शेजारी, भावकीतले आणि कॉलेजात याच विषयाचे प्राध्यापक. "त्यानं माणसाला मोकळं केलं, बरं केलं," ते म्हणायचे. "पण मोकळ्या झालेल्या माणसानं कुणाचं हुन ऱ्हायचं, ते त्यात न्हाई." मग राजा आणायचा का, असं मी चिडवायची. "राजा नको गं. एकमेकांना जाब देणारी माणसं पायजेत."

बारावीनंतर मला शिकायला पाठवायचं की लग्न लावायचं, हे ठरवायला भावकी आप्पांच्या पडवीत जमली. आमच्यात अशा वेळी घोंगडं अंथरतात. त्यावर बसलेल्याचं बोलणं मधे कुणी तोडत नाही. चुलते म्हणाले, "पोरगी भाईर गेली की आपली ऱ्हात न्हाई." आप्पांनी माझ्या हक्काचा शब्दही काढला नाही. "आपली म्हणताय न्हवं? मग तिला शिकवायचं कामबी आपलंच." मला पाठवायचं ठरलं. निघाले त्या दिवशी घरोघरच्या भाकरी पिशवीत होत्या, आणि एसटीत बसवायला चुलतेच आले होते...

पण त्या बैठकीत मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. पहिल्या सुट्टीत आप्पांशी भांडले. "आवं आप्पा, भावकी न्हाई म्हणाली असती तर? आन् माझंच ठरवत हुता, तर मला का न्हाई बसवलं?" "हक्कानं गेली असतीस, तर एकटी गेली असतीस," ते म्हणाले. मग स्वतःहूनच म्हणाले, "घोंगडं चुकीचं न्हाई. पण तुला उभं ठिवलं, ते चुकलं."

आमचं पूर्ण कधीच जुळलं नाही. हक्क हवाच, असं मी आजही वर्गात सांगते. पण त्या भाकरींचं काय, हा आप्पांचा प्रश्नही सांगते.

गेल्या आठवड्यात चुलत्यांच्या नातीला नर्सिंगला सांगलीला पाठवायचं का, यासाठी भावकी पुन्हा त्याच पडवीत जमली. आप्पांच्या मागं घर सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, आप्पांचं घोंगडं अंथरलं आणि चौकटीपाशी उभ्या पोरीला हाक मारली, "ये गं, हितं बस."

चुलते कुरकुरले. "आप्पा असता तर ह्ये चाललं असतं व्हय?"

"त्यांचीच जागा देतीया तिला. सरका जरा, भावजी."

चुलते सरकले. पोरगी घोंगड्याच्या कडेला बसली, जरा अडखळली, मग बोलायला लागली. मधे कुणी तोडलं नाही.