मावशीचा आवाज आणि फुकटचा सांबार

दोन वर्षांपूर्वी मी मनोरंजन, क्रीडा आणि तंत्रज्ञान यांच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला आणि प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात खुर्चीमागे टांगलं. अमरावतीच्या कोर्टात माझी वकिली चालते ती धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणांवर. याचा बैल त्याच्या वावरात, त्याची बोर याच्या हद्दीत. बार रूममधले मित्र रोज विचारायचे, आज कोणती हिरोईन येऊन राहिली? मी चिडायचो. मी लवकर चिडतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते विचारायचे.

त्या प्रमाणपत्राला शोभेल अशी पहिली पक्षकार आली ती भाजीची गाडी ढकलत.

आमच्या गल्लीत वीसेक वर्षं भाजी आणणारी मावशी. घरचा मळा, पहाटे तोडलेला माल, आणि तीन गल्ल्या ऐकू जाईल असा गळा. त्यात तिचा एक नेम. भाजी घेतली की वर मूठभर सांबार फुकट. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. उन्हाळ्यात तो डोळ्यांनी दिसत नाही इतका महागतो, तेव्हा मावशी दोनच काड्या देते, पण देते. घसा दुखायला लागला आणि डॉक्टरांनी ओरडणं कमी करायला सांगितलं, तेव्हा तिने मोबाइलच्या दुकानात आपली आरोळी रेकॉर्ड करून घेतली. गाडीवरचा भोंगा तेव्हापासून तिच्याच आवाजात ओरडू लागला: “या वं बाया, मेथी घ्या, वांगे घ्या, सांबार फुकट न्या!”

होळी झाली आणि एका सकाळी ही आरोळी ऐकून बायको पिशवी घेऊन खाली गेली, ती सुकलेली वांगी घेऊन वर आली. गाडी भलत्याचीच होती. मावशी अर्ध्या तासाने आली तेव्हा गल्लीची भाजी घेऊन झाली होती. हे रोजचंच झालं. दुकानदाराने तिची आरोळी गावातल्या आणखी चार गाड्यांना विकली होती. इतकंच नाही, तर एआयकडून तिच्या आवाजात नवे शब्द बनवून ते बाहेरगावीही विकले होते. मी एका तारखेसाठी अकोल्याला गेलो, तर बसस्टँडजवळ मावशी टरबूज विकत होती. जन्मात तिने टरबूज विकलेलं नाही. मी मागे वळून पाहिलं, तर गाडीवर मिशीवाला माणूस.

मावशी ऑफिसात आली, प्रमाणपत्राखाली बसली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, मले माहा आवाज वापस पायजे. माह्या आवाजावर लोकं येतात, अन् गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाडीवर जाते.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तिचं दुःख ऐकताना चेहरा गंभीर ठेवणं जड गेलं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, आवाज मावशीचा असेल, पण टरबूज हा शब्द कंप्युटरचा आहे, मावशी तो कुठे बोलली? मी पेटलो. नटांच्या, गायकांच्या आवाजाबद्दल मोठ्या कोर्टांनी काय हुकूम दिले, ते सगळं घालून सहा पानांची नोटीस लिहिली आणि मावशीला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत मन लावून ऐकली. मग एकच गोष्ट विचारली.

“ते सांबार देऊन राहिले का?”

सहा पानांत मी हे कुठेच विचारलं नव्हतं. चारही गाड्या फुकट सांबाराची हाक देत होत्या आणि सांबार कोणीच देत नव्हतं. मावशी उठली. नोटीस राहू द्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने गल्लीगल्लीत बायांना सांगितलं, माझ्या आवाजात जो ओरडेल, त्याच्याकडून सांबार घेतल्याशिवाय जागचं हलू नका.

आमच्या गल्लीतल्या बायांना एवढं पुरे. मे महिना, सांबाराचे भाव भडकलेले, आणि प्रत्येक गाडीभोवती सातआठ जणी कंबरेवर हात ठेवून उभ्या. एकाने भोंगा बंद केला, तर काल फुकट होतं ते आज का नाही, म्हणून त्याला धरलं. आठवड्यात चारही गाडीवाले दुकानदाराला पुढे घालून माझ्या ऑफिसात हजर. आवाज पुसतो म्हणाले, पण मावशीला आवरा.

मी स्टॅम्पपेपर काढला. वाटलं, मावशी आता आवाज पुसून घेईल.

“पुसा काहून?” मावशी म्हणाली. “वाजवा न. आवाज गेला तं गेला. पन माह्या आवाजात खोटं बोलू नोका.”

आमच्या समजुतीच्या कागदावर म्हणून एकच अट आहे: सांबार द्यावा, नाहीतर आवाज पुसावा. तिघांनी तिथेच आवाज पुसला. दुकानदारानेही टरबूज पुसलं, अकोल्याला फोन करून तिकडचंही पुसायला लावलं. चौथा गाडीवाला, वयस्कर, सांबार देतो म्हणाला.

परवा मावशी आमच्या दारात वांगी तोलत होती. पलीकडच्या गल्लीतून तिचीच आरोळी आली. तिने हात थांबवला, आपला भोंगा बंद केला आणि कान दिला.

“देऊन राहिला का तो?”

मी त्याच गल्लीतून आलो होतो. पाहिलं होतं. देऊन राहिला, म्हणालो.

“मंग वाजू द्या,” मावशी म्हणाली, आणि माझ्या पिशवीत दोन काड्या टाकल्या.