धाकटीची तपासणी

धाकट्या जावेच्या नोकरीचा कांताने कधी हेवा केला नाही. पंधरा वर्षं नंदिनी सकाळी पर्स लटकवून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जायची आणि कांता गोठा, स्वयंपाक उरकून वावरात जायची. ज्याचं त्याचं काम. हेवा वाटला तो नंदिनीच्या आजाराचा.

ऑगस्टमधल्या एका सकाळी नंदिनी अंथरुणावरून उठायला गेली आणि तिथेच बसली. "छत फिरून राह्यलं," म्हणेपर्यंत उलट्या सुरू झाल्या. तिचा नवरा अनुप पंचायत समितीत बाबू. त्याने अर्ध्या तासात गाडी बोलावली आणि सेलूहून थेट वर्ध्याच्या दवाखान्यात तिला भरती केलं. चार दिवसांनी ती परत आली ती भिंतीला धरून चालत. अख्खं घर तिच्याभोवती गोळा झालं. सासूबाई सुमित्राबाई उशाशी बसून तिचं डोकं चेपायच्या. कांताचा नवरा प्रफुल बाजारातून एक तरी वस्तू न विसरता घरी येत नसे, तोही नंदिनीसाठी आठवणीने शहाळं आणू लागला.

कांता चुलीशी बसून हे सगळं बघायची आणि आतून पेटायची. कारण तिला स्वतःला दोन वर्षांपासून चक्कर येत होती.

अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं की खोली गरकन फिरायची. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान मागे केली की हातातला डबा सुटायचा. अर्धा मिनिट, फार तर पाऊण मिनिट. मग सगळं जागेवर. पहिल्यांदा तिने प्रफुलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "उपाशी राह्यतेस अन् मंग चक्कर येते म्हनतेस." सासूबाई म्हणाल्या, "या वयात होतेच बाई." गावातल्या डॉक्टरने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. एकदा ती वावरात कापसाच्या ओळीत पडली, तर सोबतच्या बाया हसल्या. तेव्हापासून तिने सांगणंच सोडलं. रात्रभर डाव्या कुशीवर, पाठीला उशी लावून झोपायची, आणि वरचे डबे तिने एकेक करून खाली आणून ठेवले होते. कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आता नंदिनीसाठी मात्र सगळ्यांना सगळं दिसत होतं. शेजारच्या छायाने विचारलं, "कशी आहे वो नंदिनी?" तर कांताच्या तोंडून निघालं, "काय होते तिले? नखरे हाय. शाळेतून सुट्टी पाह्यजे." बोलल्यावर तिलाच कसंसं झालं. हाच शब्द तिच्याबद्दलही या घरात बोलला गेला होता. पण तोंडातून गेलेला शब्द तिने परत घेतला नाही.

तीन आठवड्यांनीही नंदिनीची चाल सुधारेना. डॉक्टरांनी चक्करची तपासणी लिहून दिली. नंदिनीला मोबाइलच्या पडद्याकडे बघवत नव्हतं, म्हणून फोन कांताकडेच असायचा. एका दुपारी दवाखान्यातून फोन आला. तपासणी करणाऱ्या भावना मॅडम बोलत होत्या. "गुरुवारी अकरा वाजता या. दोन दिवस आधीपासून चक्करची गोळी पूर्ण बंद ठेवायची. गोळी घेतली तर तपासणीत काही दिसत नाही. पेशंटला नक्की सांगाल ना?"

"हाव, सांगतो," कांता म्हणाली.

आत जाऊन तिने सांगितलं, "गुरुवारी अकराले बोलावलं." नंदिनीने विचारलं, "आखीन काई म्हने?"

"नाई."

हे तिने आधी ठरवलेलं नव्हतं. पण त्या 'नाई'त तिला गार वाटलं. बुधवारी तिनेच नंदिनीच्या हातावर गोळी ठेवली, वर पाणी दिलं. गुरुवारी सकाळीही दिली. दिसू दे काहीच नाही त्या तपासणीत, तिच्या मनात आलं. डॉक्टर म्हणू देत काही नाही म्हणून. मग कळेल हिला.

अनुपला त्या दिवशी मीटिंग होती. त्याने गाडी सांगून दिली आणि सोबत कांताला धाडलं. गाडीत नंदिनी डोळे मिटून तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. "ताई, तुमी हाय म्हनून बरं हाय," ती म्हणाली. कांता खिडकीबाहेर बघत राहिली. एरवी वर्ध्याला ती एसटीने यायची, उभी.

तपासणीची खोली लहानशी होती. एक पलंग, एक संगणक आणि जाड काळा चष्मा, त्यात डोळ्यांवर रोखलेले कॅमेरे. भावना मॅडम तिशीच्या, बोलायला मोकळ्या. चष्मा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "गोळी बंद आहे ना दोन दिवस?"

नंदिनी गोंधळली. "नाई. सकाळीच घेतली."

"अहो, मी फोनवर सांगितलं होतं!"

"मले कोनी नाई सांगतलं." नंदिनी कांताकडे वळली. "ताई, तुमाले सांगतलं होतं?"

कांताला वाटलं, विसरलो म्हणावं. स्वयंपाक, गोठा, वावर, कोणीही विसरेल. पण नंदिनी पलंगाची कड दोन्ही हातांनी गच्च धरून बसली होती आणि तिची बोटं पांढरी पडली होती. फळीखाली उभं राहून आपणही भिंत अशीच धरतो, हे कांताला ठाऊक होतं.

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "म्याच नाई सांगतलं तुले. मुद्दाम."

"काऊन?" नंदिनीचा आवाज चढला. "म्या तुमचं काय केलं?"

"काई नाई केलं. दोन वर्सांपासून मले चक्कर येते, नंदिनी. कोनी गाडी नाई बोलावली. तुले येका दिवसात बोलावली." एवढं बोलून कांताला रडू फुटलं आणि ती पदराने तोंड दाबत दाराकडे निघाली.

"थांबा," भावना मॅडम म्हणाल्या. नंदिनीला त्यांनी पुढच्या सोमवारची वेळ लिहून दिली. मग कांताला विचारलं, "कधी येते चक्कर?" कांताने कूस सांगितली, फळी सांगितली. "तुम्ही चक्करची कोणती गोळी घेतली का?"

"मले कोन देते गोळी?"

"मग खाली तुमच्या नावाची चिठ्ठी काढून या. हा तास तसाही रिकामा गेला."

कांता चिठ्ठी घेऊन आली. तो काळा चष्मा तिच्या डोळ्यांवर बसला, आत मिट्ट अंधार. मॅडमनी तिची मान उजवीकडे वळवली आणि एका झटक्यात तिला पाठीवर झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली लोंबतं. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग खोली उसळली. कांता ओरडली, मॅडमचा हात तिने ओरबाडला. "डोळे मिटू नका, मी धरलंय तुम्हाला."

पडद्यावर तिचे दोन डोळे मोठे दिसत होते. बुबुळं धडधडत गोल फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. नंदिनीने त्या पडद्याकडे एकदा पाहिलं, तिलाच भोवळ आली, तिने नजर काढली आणि पुन्हा पाहिलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुमाले असं रोज होते?"

मॅडमनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी समजावलं, कानाच्या आत बारीक कण असतात, ते जागचे सुटून भलत्या नळीत गेले की असं होतं. मग त्यांनी कांताची मान एकेका बाजूला वळवत, कुशीवर घेत, सावकाश उठवून बसवलं. पुन्हा एकदा तेच केलं. तिसऱ्यांदा झोपवलं तेव्हा खोली जागच्या जागी राहिली. दोन वर्षांचं दुखणं पाऊण तासात निघालं होतं. कांताला आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो संताप.

परतताना नंदिनी गाडीत खिडकीला टेकली, कांताच्या खांद्याला नाही. आठ दिवस ती बोलली नाही. सोमवारी अनुप तिला घेऊन गेला. कानात गार-गरम पाणी सोडून केलेल्या तपासणीत तिचा डावा कान तोल सांभाळायच्या कामी जवळजवळ बंद पडल्याचं निघालं. झटक्यात बरं करायचा इलाज नव्हता. महिनोन्‌महिने व्यायाम.

घरी प्रफुल म्हणाला, "मान फिरवून बरी झाली तं होतं तरी काय कांताले?" तेव्हा खाटेवरून नंदिनी बोलली, "भाऊजी, म्या डोळ्यानं पाह्यलं. तुमाले दोन मिनिटं तसं झालं असतं तं अख्खं सेलू जागं केलं असतं." कांताशी तिने त्या दिवशीही बोलणं टाळलं.

आता संध्याकाळी अंगणात व्यायाम चालतो. नंदिनी एका पावलासमोर दुसरं पाऊल टेकवत चालते आणि पडू नये म्हणून कांता बाजूने चालते. "डावीकडं झुकून राह्यली," कांता सांगते. "कळते मले," नंदिनी चिडते, पण कांताचा दंड सोडत नाही. परवा सासूबाईंनी गरम दुधाचा पेला आणला, एकच, आणि नंदिनीच्या हातात दिला. कांताच्या छातीत जुनी कळ उठली. या वेळी तिने ती गिळली नाही.

"आई, मले बी आना," ती म्हणाली.

सुमित्राबाई दूध तापवायला आत वळल्या.