वास न येणारी भट्टी

हसणार नाही म्हणत असाल तर सांगतो. बरं, हसाच! त्या दिवशी माझी मात्र पाचावर धारण बसली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मित्र एकेक करून सॉफ्टवेअरमध्ये पळत होते आणि मी येरवड्यातल्या एका शेडमध्ये जस्ताचं खनिज भाजत होतो. म्हणजे काय, तर भट्टीत तापवायचं आणि पंपानं हवा सोडायची. खनिजातलं गंधक जळून धूर होतो. उरलेली भुकटी आम्लात विरघळवायची आणि विजेनं त्यातून जस्त काढायचं. आमचं भाजणं पसंत पडलं, तर एका मोठ्या कारखान्याचं काम मिळणार. नाही पडलं, तर शेडला टाळं आणि मलाही!

त्या कारखान्याचे पाहुणे यायच्या दिवशी आमचे सर दारातूनच म्हणाले, "अहो, हा वास! पाहुण्यांना खोकत बसवायचंय का?"

धुराची नळी गळत होती. ती बदलायला वेळ लागला असता. मी डोकं चालवलं आणि हवेचा पंपच बंद केला. वास गायब!

पाहुणे दोघं, टायवाले. थोरले हुंगतच राहिले. "कमाल आहे! आमच्याकडे डोळ्यांतून पाणी येतं. इथे वासच नाही?"

सर फुलून म्हणाले, "यांची खास पद्धत आहे. सांगा हो."

"हवेचं नियंत्रण," मी म्हणालो. खोटं होतं का? अजिबात नाही!

मग भट्टी उघडली. भाजलेली भुकटी पिवळट-तांबूस हवी. ही घातली तशीच काळी! हवेशिवाय गंधक जळणार कसं? वास नव्हता, कारण काही भाजलंच नव्हतं!

"आधी चहा घेऊ या का?" मी.

"चहा नंतर," म्हणत थोरल्यांनी गार झालेली चिमूटभर भुकटी आम्लात टाकली.

बुडबुडे आले, आणि मागोमाग न जळलेल्या गंधकाचा, सडक्या अंड्यांसारखा असा भपकारा, की धाकटे टाय नाकाला लावून थेट बाहेर!

काय करतो? सगळं सांगून टाकलं. सरांनी स्वतः नळी बदलली, पंप लावला आणि पुन्हा भाजून दाखवलं. या खेपेला भुकटी आम्लात मुकाट्यानं विरघळली.

"काम तुम्हालाच," थोरले निघताना सरांना म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडला.

"फक्त या गृहस्थांना आमच्या स्पर्धकांकडे नोकरीला पाठवा. पगार आम्ही देऊ."