नवव्या दिवसाचं पत्रक

माझी आजी, म्हणजे आईची आई, फिलिपिन्समध्ये इलोइलोजवळच्या एका खेड्यात वारली तेव्हा आई नाशिकला, सिडकोतल्या आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. फोन मावशीचा होता. आईने तो ऐकला, उरलेली जुडी निवडून संपवली, हात धुतले आणि मग रडली.

जाणं शक्य नव्हतं. तिच्या व्हिसाची मुदतवाढ अडकलेली होती आणि देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येता येईल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगेना. ते कागद वेळेत भरायचं काम माझं होतं. मुदत संपत होती त्या आठवड्यात मी अंबडच्या कंत्राटी कामगारांच्या मोर्च्यात होते.

आई-बाबा कुवेतला भेटले. ती एका घरी मुलं सांभाळायची, बाबा एसी दुरुस्त करायचे. लग्न करून नाशिकला आल्यावर बाबा कारखान्यात लागले आणि युनियनमध्ये शिरले. बाकीची मुलं अंकलिपीवर अक्षरं शिकली, मी पत्रकांवर शिकले. ‘कामगार बंधूंनो’ हे मी स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य. संध्याकाळी पत्रकांच्या घड्या घालायला आई बसायची. बोटं भराभर चालायची, पण काय छापलंय हे तिला वाचता यायचं नाही आणि कोणी वाचूनही दाखवायचं नाही. तिने चर्चमध्ये जाऊ नये असं बाबा कधीच म्हणाले नाहीत. ते फक्त दर रविवारी हसायचे. काही वर्षांनी तिने जाणं सोडलं.

त्यामुळे आजी गेल्यावर आईने बैठकीच्या खोलीत फोटो ठेवला, मेणबत्ती लावली आणि नऊ दिवस जपमाळ ओढणार असं जाहीर केलं, तेव्हा बाबा हसले नाहीत एवढंच. तिच्या गावी असंच करतात. नऊ दिवस प्रार्थना, आणि येईल त्याला जेवायला घालायचं. अनोळखी माणूस आला तरी घालायचं. घर भरलेलं पाहिजे, लोक जेवत, बोलत, हसत बसलेले पाहिजेत. मेलेल्या माणसाची किंमत त्या गर्दीत असते.

आमच्याकडे नेमकं उलटं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी डबा आणतात. भेटायला आलेला माणूस पाणीही घेत नाही.

पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरची खाला खिचडीचा डबा घेऊन वर आली. ती मालेगावची, तिच्या माहेरी लूम होते. दार आईने उघडलं, तिच्याही हातात भांडं. पंधरा माणसांचं पान्सित केलं होतं तिने, म्हणजे नूडल्स, भाज्या आणि कोंबडी घालून. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना आपापलं भांडं घेऊन उभ्या.

“अरे, तुमने पकाया?” खाला म्हणाली. “मैयत के घर में?”

“तुम्ही खा ना. माझ्या आईसाठी.”

खालाने डबा आईच्या हातात दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जिना उतरून गेली. जेवली नाही. बाकीच्या बायका दोन-दोनच्या जोडीने आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि टेबलावरची भांडी बघून लवकर उठल्या. जिन्यात एक म्हणाली, “आई मेली आणि हिचं चायनीज चालूये.” दुसरी हसली. मी दाराआड उभी होते.

आठ दिवस आई रोज रांधत होती आणि रोज ते आम्ही तिघंच खात होतो. आठव्या दिवशी ती मला म्हणाली, “अनाक,” ती मला अशीच हाक मारते, म्हणजे बाळा, “उद्या शेवटचा. उद्या कोणीतरी पाहिजे. तू सांग लोकांना. तुला बोलता येतं.”

मला बोलता येतं, हे खरं नाही. मला लिहिता येतं. मी त्या रात्री पत्रक लिहिलं.

त्यात सगळं होतं. स्पेनची तीनशे वर्षं, मग अमेरिका. मोसमाला बोटीने दुसऱ्या बेटावर जाऊन जमीनदाराचा ऊस तोडणारी बाई, आणि परक्यांची मुलं सांभाळायला वाळवंटात गेलेली तिची लेक. तिथून मी बिल्डिंगकडे वळले. ‘सुतकाच्या कुजक्या कल्पना कवटाळून बसलेला मध्यमवर्ग एका कष्टकरी बाईचं अन्न नाकारतो, तेव्हा तो अस्पृश्यताच पाळत असतो.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. आईच्या मेणबत्तीलाही मी सोडलं नाही. शोकाला कर्मकांडाची गरज नसते, असं एक वाक्य तिच्याही वाट्याला आलं. सगळ्यात खाली बारीक टायपात सायंकाळी सहाची वेळ आणि ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. “मध्यमवर्गाच्या आधी ‘संकुचित’ टाक,” म्हणाले. टाकलं. सकाळी बिल्डिंगमधल्या प्रत्येक दाराच्या कडीत एकेक प्रत अडकवली. पंचवटीला राहणाऱ्या आत्याला फोटो काढून मोबाइलवर पाठवला. आईला सांगितलं, सगळ्यांना कळवलंय. तिने तीस माणसांचा भात टाकला. शेजारच्या हॉलमधून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या.

सहा वाजले. सव्वासहा. कोणी आलं नाही. खालाही नाही. तिच्या दारावरही मी तेच लावलं होतं, तिने आणलेल्या खिचडीला कुजकं म्हणून.

साडेसहाला मावशीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रस्त्यावरच मांडव घातलेला. मावसभाऊ पत्ते खेळत होते, कोणीतरी मोठ्याने हसत होतं, बायका ताटं फिरवत होत्या. मावशी काहीतरी म्हणाली. त्यांची भाषा मला येत नाही, पण विचारणं कळलं: तुझ्याकडे किती जण आलेत, दाखव ना. आईने मोबाइल फिरवला. खुर्च्यांकडे नाही. फोटोसमोर तिने एक ताट वाढून ठेवलं होतं, त्याच्याकडे. बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

आत्या आली तेव्हा कॉल संपला होता. माझ्या बाबांची ही थोरली बहीण, सायखेड्याची, तोंडाने तिखट. दारातच उभी राहिली.

“कुठंय ती लेखिका? मी कुजकी हाय व्हय गं? तुला न्हाऊमाखू घालत होते तवा नाय कुजकी दिसले!”

“आत्या, ते तुला उद्देशून नव्हतं.”

“मग मला कशापायी धाडलं? जावई वाचत होता मोठ्यानं. लय मान वाढला माझा.” बोलता बोलता तिची नजर ताटावर गेली. “हे काय?”

“माझ्या आईचं,” आई म्हणाली. “आज नववा दिवस.”

“पान वाढलंय तिला?”

आईने मान डोलावली.

आत्या माझ्याकडे वळली. आता आवाज चढलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. “मग येवढंच सांगायचं ना पोरी. नवव्या दिवशी पान वाढतो, जेवायला या. आपल्यात नाय का वाढत दहाव्याला? समदी बिल्डिंग आली असती. तो स्पेन कशाला मधी घातला?”

सगळी बिल्डिंग आली असती, यावर माझा आजही विश्वास नाही. जिन्यातलं ते हसू मी ऐकलं आहे. पण पाच-सहा आल्या असत्या. खाला नक्की आली असती.

आत्याने पदर डोक्यावरून घेतला, फोटोसमोर हात जोडले आणि आईला विचारलं, “नाव काय गं तुझ्या आईचं?”

आईने सांगितलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं. घरात तिचा उल्लेख लोला, म्हणजे आजी, असाच व्हायचा. माझ्या पत्रकात तीन शतकं होती, दोन साम्राज्यं होती आणि ते नाव नव्हतं. ते नाही, हे लिहिताना लक्षातही आलं नव्हतं. शोधूनही सापडलं नसतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. आत्याने ते दोनदा चुकीचं म्हटलं. आईने दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

“माझा मंगळवार हाय,” आत्या म्हणाली, “कोंबडी नाय चालायची. कोरा भात दे, मीठ घालून.”

तीस माणसांच्या स्वयंपाकातला मूठभर कोरा भात तिने खुर्चीत बसून सावकाश खाल्ला. आई समोर बसून बघत होती. नऊ दिवसांत ती अशी बसलेली मी पाहिली नव्हती. मी पाणी घेऊन गेले, तर तिने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः आत्यापुढे ठेवला.

आत्या उठली आणि ‘येते’ न म्हणताच निघाली. दुःखाच्या घरून निघताना येते म्हणायचं नसतं. आई जागची उठली नाही. तिच्या गावी दुःखातल्या माणसाने पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जायचं नसतं. दोघींनाही दुसरीचा नियम ठाऊक नव्हता आणि दोघींनाही राग आला नाही. घरात दोन्ही नियम माहीत असलेली मी एकटीच होते. दार उघडंच होतं. सकाळी मी आमच्या स्वतःच्या दाराच्या कडीतही पत्रकाची एक प्रत अडकवली होती, ती अजून तशीच होती.