वहिनीचा जबाब

भाऊ गेला तो पांढरकवड्याजवळच्या हायवेवर. मोटरसायकलवर मागे वहिनी होती. तिचा हात मोडला, पण ती वाचली. मी तेव्हाही इथेच होतो, तमिळनाडूतल्या सूतगिरणीत. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला इथे काम मिळालं, दोन वेळचं जेवण मिळतं, हे उपकार मी विसरत नाही.

तेरवी झाल्यावर बाबांनी ती गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. माणूस घेतलेली गाडी आमच्याकडे कोणी दारात ठेवत नाही. विम्यासाठी ती दाखवावी लागेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. विमा सरकारी कंपनीचा होता. तिचे यवतमाळचे साहेब चौकशीला स्वतः घरी आले, तेव्हा तेरवीला आलेलो मी अजून गावीच होतो; मी घाबरतच गाडीचं सांगितलं.

"अरे, सगळेच देतेत," ते म्हणाले. "घाबरतं कायले? पंचनामा हाये, गावातले माणसं हायेत."

मग त्यांनी आम्हाला बाहेर पाठवलं. आत वहिनीजवळ आई तेवढी बसली. वहिनीनं सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. निघताना म्हणाले, "झालं पोरी. आता हे तुले पुन्हा कोणी विचारणार नाही."

त्या रात्री वहिनी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

पुढे विम्याचे पैसे मिळायच्या आतच ती कंपनी खासगी झाली. साहेबांनी नोकरी सोडली, यवतमाळचं ऑफिस बंद झालं. नंबर माझा दिलेला, म्हणून फोन मला आला. कंपनीतली मुलगी अगदी नम्रपणे बोलत होती. गाडीचा व्हिडिओ हवा. गाडी नसेल तर मागे बसलेल्या बाईंचा जबाब त्यांच्याच आवाजात हवा. लिहिलेला जुना जबाब आता चालत नाही.

"मी सांगतो ना," मी म्हणालो.

"तुम्ही तिथे होता का?"

मी नव्हतो.

वहिनीला कळवलं तर ती उसळली. "गाडी मांगतेत? भंगारवाल्याच्या भट्टीतून काढून आणू काय?" मग म्हणाली, "लावा भाऊजी. पण तुम्ही संगं राहा."

सुपरवायझरनं मला मशीनवरून सोडलं, देव त्याचं भलं करो. गोदामामागे उभं राहून मी माझ्या फोनवरून दोघींना जोडलं.

वहिनीनं ट्रकचं सांगितलं, वळणाचं सांगितलं. मग म्हणाली, "ते लगेच नाही गेले. बोलून राह्यले होते. माह्या भावाले फोन लाव म्हणत होते. माह्या हातात फोन धरवतच नव्हता."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईनंही नाही. पोरगा परमुलखात एकटा आहे, म्हणून.

"कोणत्या भावाला फोन लावायला सांगत होते?" मुलीनं विचारलं.

वहिनीनं मलाच विचारलं, "भाऊजी, लाइनवर हायेत काय तुम्ही?"

"हाव."

"तुम्ही ठेवा आता. बाकीचं मी सांगते."

पण मी ठेवला असता तर सगळ्यांचाच फोन कटला असता, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. फोन कानापासून लांब धरून मी तसाच उभा राहिलो.