डाव्या खांद्याची बंदूक

मागच्या शनिवारी मी माझी पहिली बंदूक घेतली... जुनी, वापरलेली, पण माझी. आठवडा उलटला तरी सकाळी उठल्या उठल्या तेच आठवतं.

जे मला फक्त गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेतल्या पीटीच्या मॅडम म्हणून ओळखतात त्यांच्यासाठी सांगते... रविवारी मी नागपूरच्या रेंजवर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला जाते. तीन वर्षं क्लबची दुनळी वापरली. प्रत्येक बाराला तिचा असा धक्का बसतो की संध्याकाळी खांदा निळा पडलेला असतो.

सेमी-ऑटोमॅटिकचा, म्हणजे बार झाला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणाऱ्या बंदुकीचा, धक्का बराच कमी. लायसन्स हातात आलं होतं, महिन्याभरात राज्य स्पर्धेची निवड होती... पण नवी बंदूक पगारात बसणार नव्हती. म्हणजे सेकंडहँडच.

दवनीवाड्याहून बाबा मोटरसायकलवर आले आणि मला कुडव्यातल्या माझ्या खोलीवरून घेऊन थेट गोंदियातल्या बंदुकीच्या दुकानात गेले. एसटीत ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, कुठल्याही मशीनचा आवाज ऐकून दुखणं सांगतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते... जणू माझ्यासाठी मुलगा बघायला निघालो होतो.

सेठजींनी तीन बंदुका टेबलावर ठेवल्या. पहिली नुसती चमकत होती. नळी उजेडाकडे धरून आत बघितलं तर गंजाचे बारीक खड्डे. पॉलिश फक्त वरून होतं.

दुसरीची नळी स्वच्छ. पण बारूद नसलेली डमी काडतुसं भरून मी काडतूस सरकवायचा बाजूचा खटका ओढत गेले तर दर तिसरं काडतूस अडकत होतं. बाबांनी नकारार्थी मान हलवली.

तिसरी मात्र सगळ्यात पास झाली. नळी चांगली, स्प्रिंग कडक, दस्त्याला कुठे तडा नाही, किंमतही जेमतेम झेपणारी. मी ती खांद्याला लावली... डाव्या. मी डावखुरी आहे.

बाबांनी बाजूने वाकून पाहिलं. "रिकामं काडतूस उजवीकून बाहेर पडते. मंग ते तुह्या तोंडासमोरून जाईल ना?"

मला हे माहीत होतं. इथे मिळणाऱ्या सगळ्या सेमी-ऑटो उजव्या हाताच्या माणसासाठीच असतात, डावखुरे तशाच चालवतात, असं मी त्यांना समजावलं. रेंजवर जाड चष्मा असतोच डोळ्यांवर.

"नको घेऊ," बाबा म्हणाले. "डोळ्याले काही झालं त बंदूक काय कामाची?"

आम्ही हळू आवाजात बरंच भांडलो. निवड तोंडावर आलेली, दुसरं काही परवडणारं नाही... शेवटी मी हट्टाने रजिस्टर ओढलं आणि सही करायला पेन उचललं. बाबा तोंड फिरवून दाराकडे बघत उभे राहिले.

कोपऱ्यात एक म्हातारे मिस्त्री कानस चालवत बसले होते. तासाभरात त्यांनी मान वर केली नव्हती. आता त्यांची नजर माझ्या डाव्या हातातल्या पेनावर गेली आणि कानस थांबली.

"काऊन वं पोरी, डेबरी आहेस का तू? मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

आत जाऊन त्यांनी कापडात गुंडाळलेली एक बंदूक आणली. कापड सोडलं... खटका डावीकडे, काडतूस बाहेर पडायची खिडकीही डावीकडे. अशी बंदूक मी फक्त मोबाईलवर पाहिली होती.

सेठजींना ती आठवलीच नव्हती, ते हसले. "ये तो कोई लेता ही नहीं, बेटा. सब उठाते हैं, उलटी देख के वापस रख देते हैं." म्हणून किंमतही तिसरीपेक्षा कमी.

नळी आरशासारखी. दहा डमी काडतुसं भरली, दहाही सुटसुटीत बाहेर पडली. बाबांनी डोळे मिटून खटक्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे घे."

इतकी वर्षं पडून असलेली बंदूक इतकी चांगली कशी, असं मी मिस्त्रींना विचारलं. दर पावसाळ्यात ते ती पूर्ण उघडून, पुसून, तेल देऊन ठेवत होते. "कोनी घेऊन नाही राहिले म्हणून काय गंजू द्यायची?" एवढंच म्हणाले. दस्ता मला किंचित लांब पडत होता, तोही बोटभर कापून दिला.

काल रेंजवर पहिला बार काढला. काडतूस डावीकडे गवतात पडलं, समोर तबकडीचा भुगा... पंचवीसपैकी एकोणीस फोडल्या, माझ्या आजवरच्या सगळ्यात जास्त. मागे, माझ्यासोबत आलेले बाबा कुणा अनोळखी माणसाला सांगत होते, "माही पोरगी आहे."

रेंजवरूनच मिस्त्रींना फोन लावला. किती फोडल्या ते त्यांनी विचारलंच नाही.

"खांदा दुखते का?"

"नाही, काका."

"मंग झालं."

निवड होईल, न होईल. पण आपण कधी येऊ हे माहीत नसताना आपल्या उपयोगाची वस्तू कुणीतरी निगुतीने सांभाळत बसलेलं असतं... काका, मनापासून आभार.